तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हर घरातच कशाला?

"इतक्या स्वस्तात भाड्याचं होस्टिंग मिळतं, मग घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचा हा द्राविडी प्राणायाम कशाला?" ऑफिसात, नातेवाइकांत, मित्रमंडळींत, सगळीकडे हे ऐकून झालंय. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर सांभाळतात, त्यामुळे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था) आणि एनजिंक्स (मागेल त्याला साइटची पानं देणारा सर्व्हर प्रोग्रॅम) यांच्यापासून सुरुवात करत नाही. तुम्हाला कारण हवंय, आणि आजवर दिलेली कारणं तुम्हाला पटलेली नाहीत. त्यातली निम्मी आता मलाही पटत नाहीत, तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकते.

पूर्वी मी दोन गोष्टी ठासून सांगायचे. पहिली, माझा डेटा माझ्या घरात. दुसरी, वेब जन्माला आलं तेच टेबलावरच्या मशीनवर. १९९० च्या अखेरीस सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब सर्व्हर चालू केला तो त्यांच्या नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर, आणि कुणी बटण दाबू नये म्हणून त्यावर लाल शाईत चिठ्ठी लावली की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. हा दाखला दिला की समोरचा गप्प व्हायचा. पण तो दाखला माझ्या कामाचा नाही. सर्नचं स्वतःचं नेटवर्क होतं आणि त्या मशीनला बाहेरून पोचता येईल असा पत्ता होता. माझ्या घराला तो नव्हता, आणि नव्हता हे कळायला मला एक अख्खी रात्र लागली.

जुना लॅपटॉप होता. त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, झाकण मिटलं तरी झोपू नये म्हणून लॉगिन-डी या तिच्यातल्या भागाची सेटिंग बदलली, एनजिंक्स बसवलं. साइट तरी काय, माझी टिपणं आणि घरच्यांच्या फोटोंचा अल्बम. फोल्डर होम डिरेक्टरीत (माझ्या खात्याच्या फोल्डरमध्ये) ठेवलं तर एनजिंक्स ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', देतो, कारण वरच्या फोल्डरमधून आत जायची परवानगीच त्याला नसते. ते तासाभरात निस्तरलं. लॅपटॉपवर पान उघडलं. वायफायवरच्या फोनवर १९२.१६८ वाला, घरातल्या घरात चालणारा पत्ता टाकला, तिथेही उघडलं. राउटरमध्ये लॅपटॉपसाठी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवला, ८० आणि ४४३ ही पोर्ट (वेबची ये-जा होणारी दारं) त्याच्याकडे वळवली, डोमेन (साइटचं नाव) आपल्या बाहेरच्या आयपीवर लावलं आणि दुसऱ्या गावी असलेल्या धाकट्या भावाला फोन केला.

"ताई, फिरतंय नुसतं."

थांब जरा, म्हटलं. डीएनएस पसरायला वेळ लागतो. थेट आयपी टाक. तरी फिरतंय. लॅपटॉपची फायरवॉल, यूएफडब्ल्यू, पूर्ण बंद केली. फिरतंय. एनजिंक्स फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्या लॅपटॉपपुरतंच, ऐकत नाहीये ना, तेही पाहिलं, तो ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्यांसाठी कान उघडे ठेवून बसला होता. पुष्कळ राउटर घरातून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, म्हणून मी स्वतः वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहिलं. तेच.

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर होती. ब्राउझर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणत नव्हता, 'टाइम्ड आउट' म्हणत होता. रिफ्यूज्ड म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे आणि त्याने नाही म्हटलं. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच नाही. मग टीसीपीडम्प, म्हणजे मशीनपर्यंत येणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) दाखवणारं साधन, लावलं, पोर्ट ८० वर. काळ्या स्क्रीनवर 'ऐकतोय' अशा अर्थाची एक ओळ आली आणि खाली कर्सर लुकलुकत राहिला. भावाला म्हटलं, आता कर रिफ्रेश. त्याने केलं. काहीच नाही. परत कर. काहीच नाही. माझ्या फोनचं वायफाय चालू करून घरातला पत्ता टाकला, तर भराभर ओळी पडल्या. म्हणजे लॅपटॉप ठीक, एनजिंक्स ठीक, फायरवॉल ठीक. भावाकडून निघालेलं पॅकेट माझ्या दारापर्यंत येतच नव्हतं. जे पॅकेट आलेलंच नाही, त्यासाठी मी संध्याकाळपासून कॉन्फिग बदलत बसले होते.

मग राउटरचं स्टेटस पान उघडलं. वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता: १००.७२ असं काहीतरी. 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा. शंभराने सुरू होणारा पत्ता दिसायला अगदी सरळमार्गी असतो, १९२.१६८ किंवा १० पाहिल्यावर जशी शंका येते तशी येत नाही. पण १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये एकाच कामासाठी राखून ठेवलाय: इंटरनेट कंपनी आणि तिचे ग्राहक यांच्यामधल्या नॅटसाठी, म्हणजे अनेकांना एकाच पत्त्यामागे बसवण्यासाठी. त्याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. क्लाउडवर मशीन घेतलं की पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता) बहुधा सोबतच येतो, म्हणून हे तुमच्या वाट्याला कदाचित आलं नसेल.

कारण साधं आहे. आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) मधला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. मग कंपन्या एका पब्लिक पत्त्यामागे अनेक घरं बसवू लागल्या. तुम्ही आतून बाहेर गेलात तर त्यांच्या तक्त्यात नोंद होते आणि उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं. बाहेरून कुणी आपणहून आलं, तर ते कोणत्या घरासाठी हे तक्त्यात नसतं, आणि पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. माझ्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग अचूक होतं. फक्त त्याच्या पुढे आणखी एक राउटर होता, जो माझा नव्हता.

सकाळी मदत केंद्राला फोन लावला.

"मॅडम, यूट्यूब चालतंय का?"

"चालतंय."

"मग नेट ओके आहे, मॅडम."

"बाहेरून आत येता येत नाहीये."

"पण तुम्हाला बाहेर जायचंय ना, मॅडम?"

त्या मुलावर मी चिडले नाही. घरगुती कनेक्शनची अख्खी व्याख्या त्याने एका वाक्यात सांगितली होती. पुढे एका वरिष्ठांनी सांगितलं की घरी सर्व्हर चालवता येणार नाही, पब्लिक आयपी फक्त बिझनेस प्लॅनमध्ये. पैसे मी भरते, केबल माझ्या घरात येते, आणि तरी नेटवर मी फक्त गिऱ्हाईक. माझ्याकडे कुणी येऊ शकत नाही. हे मला लागलं. अजूनही लागतं.

मग काय केलं, तर भाड्याने एक छोटं मशीन घेतलं. हसा. घरातून त्याच्याकडे वायरगार्डचा बोगदा (एन्क्रिप्ट केलेली खाजगी जोडणी) काढला. जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे नॅटची हरकत नाही. दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट जातं, म्हणजे तक्त्यातली नोंद पुसली जात नाही. भाड्याच्या मशीनवर आलेलं सगळं न उघडता घरी ढकललं जातं. साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी की (गुप्त किल्ली) लॅपटॉपवरच. ते भाड्याचं मशीन दरवान आहे, पण घराची किल्ली त्याच्याकडे नाही.

"म्हणजे झालं ना शेवटी भाड्याचंच?" हा तुमचा पुढचा प्रश्न. यावर मी बरीच वर्षं 'किल्ली माझ्याकडे आहे' म्हणून भांडत होते. ते पूर्ण खरं नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था ते देताना नेहमीच्या पद्धतीत एवढंच बघते की त्या पत्त्यावर मागितलेलं उत्तर कोण देतंय. पत्ता दरवानाचा आहे. त्याच्या मनात आलं तर तो माझ्या नावाची नवी किल्ली करून घेऊ शकतो. डीएनएसमध्ये सीएए नोंद (सर्टिफिकेट कुणी द्यायचं ते सांगणारी) टाकून ती विशिष्ट खात्याला बांधता येते, ती मी बांधलीय. पण डोमेनही दर वर्षी भाडं भरूनच माझं राहतं. तेव्हा 'सगळं माझ्या मालकीचं' हे मी आता म्हणत नाही. डिस्क माझी आणि लॉग (ये-जा केल्याच्या नोंदी) माझे, एवढंच म्हणते.

बरं, त्या लॉगमधून पॅकेट कुठून आलं हेही सुरुवातीला कळेना. सगळे पाहुणे बोगद्याच्याच पत्त्यावरून आलेले दिसायचे. प्रॉक्सी प्रोटोकॉल (मूळ पत्ता सोबत पुढे पाठवायची पद्धत) लावल्यावर खरे पत्ते दिसू लागले.

सुरक्षेचं विचारता, तर बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) येतात आणि लगेच येतात. सर्टिफिकेट निघालं की नाव सार्वजनिक यादीत चढतं आणि काही मिनिटांत ठोठावणं सुरू. वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतात, गिटचं कॉन्फिग मागतात, जिच्यात अनेकदा पासवर्ड असतात ती डॉट ई-एन-व्ही फाइल मागतात. माझ्याकडे यातलं काहीच नाही. साध्या एचटीएमएल फाइल आणि अल्बम, तोही पासवर्डमागे. एसएसएचला (दुरून लॉगिन करायच्या सोयीला) पासवर्ड बंद, फक्त की. याहून जास्त शूरपणा मी करत नाही. ईमेल सर्व्हर घरी चालवायला सांगाल तर हात जोडते.

विजेचं म्हणाल, तर १५ वॉट धरले तरी दिवसाला ०.३६ युनिट. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, असंही मी मिरवायचे. वीज गेली की लॅपटॉप ऐटीत चालू, आणि राउटर बंद. आईचा फोन येतो, फोटो दिसत नाहीत म्हणून. तिला नॅट समजावून काय करू?

मग घरीच का? भाड्याच्या होस्टिंगवर माझी साइट पूर्वी बंद पडायची तेव्हा मी एक फॉर्म भरायचे आणि वाट बघायचे. 'समस्या सोडवली आहे' असं उत्तर यायचं. काय समस्या होती, ते कधीच नाही. घरी घोडं कुठे अडलंय ते मला बघता येतं. त्या रात्री साइट चालली नाही, पण का चालत नाही ते शेवटच्या पॅकेटपर्यंत कळलं. भाड्याच्या मशीनवरही टीसीपीडम्प चालतं, हे तुम्ही म्हणणार, आणि ते बरोबर आहे. पण तिथे हा प्रश्नच मला कधी पडला नसता.

परवा कुणीतरी विचारलं, मग मीही करू का? काहीही बसवण्याआधी राउटरमधला वॅन आयपी आणि बाहेरच्या साइटला दिसणारा आयपी ताडून बघा. जुळले तर संध्याकाळभराचं काम आहे. नाही जुळले, तर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, तिच्यात पत्ते मुबलक) मिळतंय का पाहा. मला मिळतं, राउटरच्या फायरवॉलमध्ये आत येणाऱ्यांसाठी वाट केली की भाऊ मोबाइलवरून दरवानाशिवाय थेट येतो. पण कंपनी अधूनमधून प्रिफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलते आणि त्याच्या ऑफिसात आयपीव्ही६ नाहीच, म्हणून बोगदाही ठेवावा लागलाय. अल्बम तरी भाड्याच्या मशीनवर हलव, असं तो म्हणतो. बॅकअप एन्क्रिप्ट करून तिथे जातो, एवढ्यावर सध्या आमची तडजोड आहे, आणि आई त्याच्या बाजूने आहे.