इराणला व्हिसा लागत नाही म्हणे!

आधीच सांगून टाकते. भारतीय पासपोर्टवर इराणला व्हिसा लागत नाही ही बातमी २०२४ मध्ये खरी होती, आणि जमिनीवरून जाणाऱ्याच्या काडीच्या उपयोगाची नव्हती. ४ फेब्रुवारी २०२४ पासून मिळालेली सवलत (नोव्हेंबर २०२५ पासून तीही बंद) अशी होती: साधा पासपोर्ट, फक्त पर्यटन, सहा महिन्यांतून एकदा, जास्तीत जास्त १५ दिवस, आणि विमानाने उतरलात तरच. शेवटची अट सगळे खालच्या आवाजात सांगायचे. मला ती आर्मेनियाच्या दक्षिण टोकाला, आगाराकच्या नाक्यावर, पाठीवर १२ किलोची सॅक असताना समजली.

मी विमानाने जाणार नव्हतेच. कझाकस्तानातल्या अल्माटीपासून तेहरानपर्यंत जमेल तितकं जमिनीवरून, हाच तर सगळा बेत होता. १२ एप्रिलला निघाले आणि ७ जूनला इराणात पाय ठेवला. त्या आठ आठवड्यांतले तीन आर्मेनियात गेले, तेही बहुतेक व्हिसापायी. हा प्रवास २०२४ चा, आणि राग अजून पुरता उतरलेला नाही. समरकंदच्या निळ्या घुमटांबद्दल वाचायला आला असाल तर घुमट निळे आहेत. पुढे चला.

कझाकस्तान: व्हिसा नाही. एका खेपेला १४ दिवस, १८० दिवसांत मिळून ४२. पोचलात तो दिवस पहिला धरून मोजा, म्हणजे भांडण नको. उझबेकिस्तान: ई-व्हिसा, २० डॉलर, ३० दिवस, कामाचे तीन दिवस लागतात. कुठे बाहेर जाऊन परत येणार असाल तर दोन प्रवेशांचा ३५ डॉलरचा घ्या. हॉटेलवाले नोंदणीची चिठ्ठी देतात, ती पासपोर्टात खोचून ठेवा. मला कुणी विचारली नाही, पण ठेवा. रात्र ट्रेनमध्ये गेली तर तिकीट जपा. या दोन देशांत व्हिसाचा काही त्रास नाही, म्हणून यापेक्षा जास्त लिहीत नाही.

पहिला दणका बसला अक्ताउला, कास्पियनच्या काठावर. अझरबैजानचा ई-व्हिसा मी मिरजेहून निघायच्या आधीच काढला होता, २५ डॉलरच्या आसपास गेले होते. मालवाहू बोटीतून बाकूच्या खाली अलात बंदरात उतरायचं असं डोक्यात होतं. पण अझरबैजानने करोनाच्या वेळी, २०२० मध्ये, जमिनीवरून आणि समुद्रातून येणारे प्रवासी बंद केले ते अजून बंदच आहेत. दर थोड्या महिन्यांनी मुदत वाढवतात. व्हिसा अस्सल होता, पण चालतो फक्त विमानतळावर. बंदरातल्या माणसाने माझा रंगीत प्रिंटआउट कौतुकाने पाहिला आणि परत दिला. शेवटी अक्ताउहून विमानानेच जॉर्जियातलं तिबिलिसी गाठलं. व्हिसा एक गोष्ट आणि तो कुठल्या दारातून चालतो ही दुसरी, हा धडा मला तिथेच मिळाला होता. घेतला नाही.

जॉर्जियात मला अमेरिकेच्या चालू व्हिसाने तारलं (बहिणीकडे जाऊन आल्यामुळे होता), वेगळा लागला नाही. तुमच्याकडे तसा नसेल तर जॉर्जियाचा ई-व्हिसा आधी काढा. शिवाय विमा, हॉटेलचं बुकिंग, पुढचं तिकीट असे कागद छापून हातात धरा. मोबाइलमध्ये आहेत म्हणून शोधत बसू नका, मागची रांग आणि पुढचा अधिकारी दोघंही तापतात.

आता आर्मेनिया. ई-व्हिसा दोन प्रकारचा: २१ दिवसांचा ३००० द्रामना, १२० दिवसांचा १५,००० द्रामना. आपल्या पैशात साडेसहाशे रुपये विरुद्ध सव्वातीन हजार. मी २१ दिवसांचा घेतला, कारण मला आठवडाच राहायचं होतं आणि मी स्वतःला हुशार समजत होते. पुढे इराणला जमिनीवरून जाणार असाल तर १२० दिवसांचाच घ्या. यात चर्चा नाही.

१८ मे, शनिवारी सादाख्लोच्या नाक्यावरून आत आले. म्हणजे ७ जूनला बाहेर. इराणबद्दल राजधानी येरेवानमध्ये एका ट्रॅव्हल ऑफिसात विचारलं. तिथला पोरगा म्हणाला, इंडियन? नो व्हिसा, गो. घरच्या ग्रुपवर मामेभावाने बातमीचा फोटोच पाठवला, ‘ताई, व्हिसा नाहीच लागत, बिनधास्त जा.’ दोघांनीही मला फसवायचं म्हणून फसवलं नाही. दोघांनी मथळा वाचला होता. मीही तेवढाच वाचला.

येरेवान ते मेघ्री, म्हणजे आगाराकच्या अलीकडचं गाव. हा रस्ता नीट सांगते, कारण तो मी अडीच आठवड्यांत तीनदा केला आणि चौथ्यांदा कुणी फुकट नेलं तरी जाणार नाही. मार्शरुत्का (म्हणजे शेअर मिनीबस) सकाळी सातला निघते, मी ८००० द्राम दिले, पोचायला नऊ तास. गोरिसपर्यंत ठीक. पुढे कापानला जाणारा जुना रस्ता २०२१ मध्ये बंद झाला, त्याचे काही तुकडे अझरबैजानच्या ताब्यात गेलेत. म्हणून आता सगळी वाहतूक तातेववरून डोंगरातून वळवली आहे. इराणचे अजस्र ट्रक, आमची खुळखुळी गाडी आणि वळणं. आपला आंबा घाट त्यापुढे सपाट वाटावा. कापाननंतर काजारान, आणि त्यावर २५०० मीटरचा घाट, मेच्या शेवटीही कडेला बर्फ. ड्रायव्हर एका हाताने सूर्यफुलाच्या बिया सोलतो. पुढच्या सीटसाठी आदल्या दिवशी फोन करून जागा धरा, मागे बसलात तर पोटात काही ठेवू नका. गोळी घ्यायची तर गोरिसला घ्या, तातेवच्या चढावर उशीर झालेला असतो.

रात्री मेघ्रीत राहून २२ मेला सकाळी आगाराकला गेले. टॅक्सीवाल्याने दहाएक किलोमीटरचे ५००० द्राम घेतले. द्यायचे नाहीत, २५०० बोलून चालायला लागा, मागून येतो. (हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.) अरस नदी, पलीकडे इराणचे उघडेबोडके डोंगर, मधे पूल. तीनच दिवसांपूर्वी पलीकडच्याच प्रांतात राष्ट्राध्यक्ष रईसी यांचं हेलिकॉप्टर कोसळून ते गेले होते, त्यामुळे वातावरण तसंही गंभीर होतं. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट चाळला, मग परत चाळला. “इराणचा व्हिसा?” मी मोबाइलवरची बातमी दाखवली. त्यांनी आतून एकाला बोलावलं. या नाक्यावर २०२४ मध्ये आर्मेनियनांच्या जोडीला रशियन सीमारक्षकही असायचे, हा त्यांतला. त्याने बातमी वाचली, माझ्याकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं, आणि बोट वर आभाळाकडे केलं.

“समल्योत.”

रशियनमध्ये विमान. एवढं मला अल्माटीपासून कळत होतं.

आधी वाटलं दुखवट्यामुळे सीमा बंद असेल, तीन दिवस थांबू. नाही. बाईंनी मोडक्या इंग्रजीत शांतपणे समजावलं की विमानाने गेलीस तर व्हिसा नको, पुलावरून गेलीस तर हवा. आणि एक फार मोठं काम केलं: माझ्या पासपोर्टवर आर्मेनियातून बाहेर पडल्याचा शिक्का मारला नाही. मारला असता आणि पलीकडून परत पाठवली असती, तर माझा एका प्रवेशाचा आर्मेनियाचा व्हिसा संपलेला आणि मी पुलावर. खिडकीपाशी पोचल्यावर आधी तोंडी विचारा, पासपोर्ट नंतर सरकवा.

दुसऱ्या दिवशी तोच घाट, तीच वळणं, परत येरेवान. त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मी डोळे मिटून बसले होते.

आता प्रत्यक्ष व्हिसा. पद्धत अशी: इराणच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-व्हिसा वेबसाइटवर अर्ज भरायचा, मंजुरीचा कागद ई-मेलने आला की तो घेऊन वकिलातीत जायचं, फी भरायची, मग व्हिसा मिळतो. तो पासपोर्टात चिकटवत नाहीत, वेगळ्या कागदावर छापून देतात. हा कागद हरवला तर सगळं संपलं, प्लास्टिकच्या पिशवीत घाला. अर्जात व्हिसा कुठून घेणार असा रकाना असतो. तिथे वकिलात असलेलं शहर निवडा, मी येरेवान निवडलं. घाईत विमानतळ निवडलात तर परत आभाळाकडे बोट.

बायकांसाठी: फोटो डोकं झाकलेला लागतो. मी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा लावला आणि चार दिवसांनी अर्ज दुरुस्तीला परत आला. होस्टेलच्या मावशींनी स्वतःची काळी ओढणी दिली, भिंतीपुढे उभं केलं आणि तीन फोटो काढून त्यातला सगळ्यात वाईट निवडला. तोच चालला. हा फोटो घरूनच काढून न्या.

मधल्या काळात मी आणखी एक मूर्खपणा केला. मेसेजवर एक एजंट गाठ पडला, म्हणे ८० युरो द्या, दोन दिवसांत मंजुरी. दिले. त्याने माझ्याकडूनच सगळी माहिती घेऊन तोच फॉर्म भरायला घेतला, आणि माझा अर्ज आधीच आत आहे म्हटल्यावर गप्प झाला. पैसे परत नाहीत. एजंट सगळे चोर असतात असं मी म्हणत नाही. पण जो दिवसांची हमी देतो त्याला देऊ नका, मंजुरी तेहरानहून येते आणि तिथे त्याचा मामा बसलेला नसतो.

मग वाट पाहणं. सुट्ट्यांचं कॅलेंडर दोन्हीकडचं बघावं लागतं हे तेव्हा शिकले. २८ मेला आर्मेनियाच्या पहिल्या प्रजासत्ताकाचा दिवस, शहर बंद. ३ जूनला इराणात खोमेनींच्या पुण्यतिथीची सुट्टी, ४ जूनला आणखी एक. त्यात इराणचा आठवडी सुट्टीचा दिवस शुक्रवार, आर्मेनियाचा शनिवार-रविवार. आठवड्यातून दोन्हीकडे कामाचे असे दिवस किती उरतात ते बोटांवर मोजा. ४ तारखेला आपल्याकडे लोकसभेचे निकाल लागत होते. होस्टेलच्या स्वयंपाकघरात मी एका हाताने निकाल आणि दुसऱ्या हाताने ई-मेल असं दिवसभर ताजं करत बसले होते. सांगलीचा अपक्ष निवडून आला, माझा व्हिसा आला नाही.

५ जूनला मंजुरी आली. २४ मेला अर्ज, म्हणजे १२ दिवस. मधे फोटोची चूक नसती तर आठवड्यात झालं असतं असं मला वाटतं, पण तुम्ही दोन आठवडे धरा. ६ तारखेला गुरुवारी वकिलातीत गेले. तिथला कारभार, खरं सांगायचं तर, साधा आणि सभ्य निघाला. विम्याचा कागद मागितला, त्यावर इराण हे नाव स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. ‘जगभर’ लिहिलंय म्हणून वाद घालू नका, नवा काढून न्या. युरोच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. त्याच दिवशी कागद हातात पडला.

७ जून, आर्मेनियाच्या व्हिसाचा शेवटचा दिवस. सकाळी सातची मार्शरुत्का, पुढची सीट, गोरिसला गोळी. तातेवच्या चढावर एक ट्रक आडवा झाला होता आणि आम्ही पाऊण तास उभे. तो पाऊण तास मी कसा काढला ते मी कुणाला सांगणार नाही. १२० दिवसांचा घ्या म्हणते ते यासाठी. वाचलेल्या अडीच हजार रुपयांत मी तेवढ्या वेळात दहा वर्षांनी म्हातारी झाले.

साडेपाचला आगाराक. खिडकीत त्या दिवशीच्या बाई नव्हत्या. शिक्का बसला. पूल चालत ओलांडला, नोरदूजला, म्हणजे इराणच्या बाजूच्या नाक्यावर, कागद दाखवला, पाच मिनिटांत पलीकडे.

द्राम आर्मेनियातच संपवा. आणि रोख डॉलर किंवा युरो पुरेसे न्या. आपली कुठलीही बँकेची कार्डं इराणात चालत नाहीत, एटीएमची आशा ठेवू नका. भाव तोमानमध्ये सांगतात, नोटांवर रियाल असतात, दहा रियाल म्हणजे एक तोमान. त्या आठवड्यात एका डॉलरला साठ हजार तोमानच्या आसपास मिळत होते. नाक्यावर सगळे बदलू नका, जोल्फापुरते बदला.

बाहेर टॅक्सीवाल्यांचा घोळका होता. जोल्फा साठेक किलोमीटर. एकाने २० डॉलर मागितले. निम्म्यात झालं असतं, हे मला तिथेही कळत होतं. तुम्ही घासाघीस करा. मी दिले, पुढच्या सीटवर बसले आणि काच खाली केली.