गार वाऱ्याची झुळूक

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तेव्हा हवा इतकी कोंदलेली होती की झाडाचे पानही हलत नव्हते. आकाशाच्या एका कडेला काळाकुट्ट ढग चढून आलेला होता, पण डोक्यावर ऊन होते आणि तो ढग अजून लांब आहे असे मी धरून चालले. तेवढ्यात गार वाऱ्याची एक झुळूक आली. दिवसभराच्या उकाड्यानंतर तिने इतके बरे वाटले की कपडे खांद्यावर टाकून मी कठड्याशी उभी राहिले. वादळ येऊन पोहोचले होते आणि ती झुळूक ही त्याची पुढची कड होती, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

शेजारच्या काकू खाली पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी वर पाहून हाक मारली, "अगं, कपडे राहू देत, आधी आत ये!" मी जिन्याच्या दारापर्यंत पोहोचले आणि मागून वाऱ्याचा असा लोट आला की हातातले दार निसटून भिंतीवर आदळले. ते लावायला मला पाठ टेकवून पूर्ण जोर लावावा लागला. कडी सरकवल्यावरही ती खोबणीत थरथरत राहिली, आणि दाराखालच्या बोटभर फटीतून पाणी आडवे, पिचकारीसारखे आत येऊ लागले. जिन्यातल्या खिडकीचे तावदान वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर आत दबत होते आणि परत बाहेर येत होते; काच एवढी वाकते हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. बाहेरचे काहीच दिसत नव्हते. पाऊस पडत होता असे म्हणणेही चुकीचे ठरेल, कारण पाणी वरून खाली न येता एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावत होते.

मग अंगणातले जुने झाड पडले. मोडल्याचा कडकडाट मला ऐकू आला नाही; वाऱ्याच्या गर्जनेत तो विरून गेला असावा. पण तळपायांखालची फरशी एकदा हादरली आणि घरातला उजेड बदलला. जिथे वर्षानुवर्षे हिरवी सावली पडत असे, तिथून राखाडी प्रकाश आत आला. झाड घराच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर पडले होते.

हे सारे जेमतेम दहा-बारा मिनिटांत संपले. नंतरचे दोन दिवस मी हा प्रकार समजून घेण्यात घालवले, कारण एखाद्या गोष्टीमागचे कारण कळल्याशिवाय माझी भीती जात नाही. गडगडाटी वादळाच्या ढगात पावसाचे थेंब आणि गारा खाली येताना काही प्रमाणात विरतात, वितळतात आणि भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतात. थंड झालेली ती हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आदळली की बादली उपडी केल्यावर पाणी पसरावे तशी चहूकडे पसरते. तिची पुढची कड पावसाच्या आधी येऊन पोहोचू शकते, आणि तीच आपल्याला गार झुळकेसारखी लागते. कोसळणारी हवा फार जोराची असली तर त्या घटनेला डाउनबर्स्ट म्हणतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे वाचल्यावर त्या दाराशी मला इतके का झगडावे लागले ते उमगले.

हा प्रकार ओळखला तो टेत्सुया फुजिता या हवामानशास्त्रज्ञांनी. 1974 मध्ये अमेरिकेतल्या टोर्नाडोंनंतर, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांनंतर, विमानातून पाहणी करताना त्यांना एका जंगलात झाडे मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने, चांदणीच्या आकारात आडवी झालेली दिसली. 1945 मध्ये अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या भागांची पाहणी करताना त्यांनी तसाच आकार पाहिलेला होता. 1975 मध्ये न्यूयॉर्कला विमान उतरत असताना झालेल्या भीषण अपघाताचा उलगडाही त्यांनी याच कल्पनेवरून केला. हे वाचून मी मुद्दाम बाहेर जाऊन पाहिले. आमच्याकडे पडलेल्या सगळ्या फांद्या एकाच दिशेला तोंड करून होत्या, भोवऱ्यात सापडल्यासारखी पिळवटलेली एकही नव्हती.

विजेबद्दल मात्र मी स्वतःवर खरोखर नाराज आहे. ध्वनीला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात, तेव्हा चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज आपल्यापासून दहा किलोमीटरांच्या आत आहे. मी गच्चीवर होते तेव्हा गडगडाट स्पष्ट ऐकू येत होता. मुळात तो ऐकू येतो आहे, एवढेच आत जायला पुरेसे कारण असते, कारण वीज पावसाच्या पट्ट्यापासून कित्येक किलोमीटर दूर, डोक्यावर ऊन असतानाही पडू शकते. डोक्यावरच्या उन्हाच्या भरवशावर मी लोखंडी कठड्याला हात लावून उभी होते.

वारा थांबल्यावर लगेच मुले झाड पाहायला धावली. त्यांना आवरणे हे त्या दिवसातले सर्वांत तातडीचे काम ठरले, कारण पडलेल्या फांद्यांत विजेची एक तार गुंतलेली होती. ठिणगी नाही, आवाज नाही, म्हणून तारेत प्रवाह नाही असे समजता येत नाही, आणि ओली जमीनही तितकीच घातक असते. काकूंनी मुलांना दाराशीच अडवून ठेवले, मी वीजपुरवठा कार्यालयाला फोन केला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत कोणीही उंबरा ओलांडला नाही.

तार काढून नेल्यावर मी झाडाजवळ गेले. मुळांची थाळी मातीसकट उभी राहिली होती, माझ्या उंचीपेक्षा मोठी, पण जाडीला जेमतेम हातभर. एवढे मोठे झाड इतक्या उथळ मुळांवर उभे होते. खाली उरलेल्या खड्ड्यात पाणी साचले होते, आणि त्यात गच्चीवरून उडालेला माझा एक पांढरा रुमाल पसरून तरंगत होता.