तो पण खेकडा कोळी आणि हा पण, मग कुळं वेगळी कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न दोन येतात आणि बहुतेक वेळा एकदमच येतात. एक म्हणजे, भिंतीवरचा तो चपटा मोठा कोळी पण क्रॅब स्पायडर आणि फुलावरचा हा एवढासा पण क्रॅब स्पायडर, मग तुम्ही दोघांना वेगवेगळ्या कुळात का घालता. आणि दुसरा, जरा टोमणा मारल्यासारखा, की फोटोखाली दरवेळी "थोमिसस, स्पीशीज माहीत नाही" लिहून सुटता (स्पीशीज म्हणजे जात, जवळच्या जातींचा गट तो जीनस, इथे थोमिसस, आणि असे जीनस मिळून कुळ), पूर्ण नाव सांगायला काय होतं.

मी झूलॉजीवाला नाही, पुण्यातल्या टेकड्यांवर मॅक्रो लेन्स घेऊन फिरणारा माणूस आहे. पण या कोळ्यांच्या वर्गीकरणाची भानगड इतकी मजेशीर आहे की एकदा काय ते सविस्तर लिहूनच टाकतो.

खेकड्यासारखे दिसतात म्हणून ज्यांना हे नाव चिकटलंय अशी निदान चार कुळं आपल्या आसपासच आहेत. घरात झुरळं खाणारा, पोटाखाली चपटी पांढरी अंड्यांची पिशवी धरून फिरणारी मादी असलेला तो मोठा तपकिरी कोळी म्हणजे हेटरोपोडा व्हेनाटोरिया, कुळ स्पारासिडी. भिंतीला अक्षरशः कागदासारखा चिकटून बसणारा आणि हात लावायला गेलं की कुठे गेला ते कळतच नाही तो सेलेनॉप्स, कुळ सेलेनोपिडी, याला पुढच्या ओळीत सहा डोळे आणि मागे दोन, एकदा समोरून बघितलं की विसरत नाही. गवताच्या पात्यावर पाय लांब करून पडलेला काडीसारखा टिबेलस, तो फिलोड्रोमिडी. आणि फुलात बसून मधमाश्या धरणारे ते थोमिसिडी, खरे खेकडा कोळी म्हणाल तर हेच.

आता सगळे सारखे का दिसतात, तर पाय बाजूला वळलेले असतात, त्यामुळे आडवं चालता येतं आणि सालीच्या फटीत, भिंतीवर, पाकळ्यांमध्ये सपाट होऊन बसता येतं. ही झाली बसायची पद्धत, नातं नव्हे. आडनाव जोशी आहे म्हणून कोकणातले जोशी आणि विदर्भातले जोशी भाऊबंद होत नाहीत, तसंच आहे हे.

थोमिसिडी ओळखायचे तर पायांकडे बघा. पुढच्या दोन जोड्या लांब आणि दणकट, आतल्या बाजूला काटे, मागच्या दोन जोड्या एकदम आखूड. शिकारीसाठी जाळं विणत नाहीत, बसून राहतात, माशी टप्प्यात आली की पुढचे पाय मिटतात आणि मानेपाशी चावतात. यांच्या जबड्याला बहुतेक वेळा दात नसतात, त्यामुळे शिकार चावून चावून तिचा चोथा करत नाहीत, बारीक भोक पाडून आतलं शोषून घेतात आणि मधमाशी बाहेरून जशीच्या तशी दिसते. फुलावर मधमाशी फार वेळ हलत नसेल, जरा विचित्र कोनात लटकली असेल तर पाकळीखाली बघा, बऱ्याचदा ही बया तिथे असते.

इतिहास थोडक्यात. स्वीडनच्या कार्ल क्लर्कने 1757 मध्ये कोळ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात आजचा मिसुमेना व्हाटिया, म्हणजे युरोप-अमेरिकेतला तो प्रसिद्ध पांढरा-पिवळा होणारा खेकडा कोळी, आलेला आहे. खरं तर प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या सिस्टिमा नॅचुरी पुस्तकाच्या 1758 च्या आवृत्तीपासून मोजतात, त्याआधीची धरत नाहीत, पण कोळ्यांसाठी क्लर्कचा अपवाद केलाय, नियमातच लिहून ठेवलंय तसं. मला हे फार आवडतं. मग 1805 मध्ये फ्रान्सच्या वाल्केनेरने थोमिसस हा जीनस केला आणि 1833 मध्ये सुंडेवालने, तोही स्वीडिश, त्यावरून थोमिसिडी कुळ. आज या कुळात 2,100 हून जास्त स्पीशीज आणि 170 च्या आसपास जीनस आहेत, वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग नावाची यादी स्वित्झर्लंडच्या बर्नमधलं म्युझियम चालवतं, त्यात रोज काही ना काही बदलत असतं.

आपल्याकडे नाव घ्यायचं ते बी. के. टिकादर यांचं. झेडएसआय, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या केंद्रात असताना या माणसाने आपल्या टेकड्या, घाट, गवताळ माळ पालथे घातले, पुढे झेडएसआयचे संचालकही झाले. त्यांनी पुण्याच्या जागांवरून ठेवलेली नावं वाचली की पुणेकराला हसूच येतं, थोमिसस कात्रजघाटस (1963), टिबेलस चतुर्शिंगी आणि टिबेलस पूनाएन्सिस (दोन्ही 1962), टिबेलस पाषाणेन्सिस (1980). पीएमपीच्या बसची पाटी वाचतोय असं वाटतं. 1980 मध्ये फॉना ऑफ इंडिया मालिकेत त्यांचा भारतातल्या खेकडा कोळ्यांवरचा खंड आला, 247 पानांचा, अजूनही इथे काम करणारा कोणीही आधी तोच उघडतो.

आता गंमत बघा. पाषाणचा हा टिबेलस त्या खंडात आहे, म्हणजे थोमिसिडी म्हणून आहे. फिलोड्रोमस, टिबेलस, थॅनेटस ही सगळी मंडळी तेव्हा थोमिसिडीचंच एक उपकुळ धरली जायची, आज ते स्वतंत्र कुळ आहे. म्हणजे कोळी तोच, पाषाण तेच (बरं, पाषाण तेच राहिलं नाही, पण ते सोडा), आणि कुळ बदललं. लोक यावर वैतागतात, शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही का म्हणतात.

पण कारण पक्कं होतं. हाइनरिश होमान नावाच्या जर्मन संशोधकाने कोळ्यांच्या डोळ्यांचा अभ्यास केला होता, बाहेरून डोळे किती आणि कुठे ते नव्हे, डोळ्याच्या आतली रचना. रात्री टॉर्च कपाळाशी धरून गवतात बघितलंत तर लांडगा कोळ्यांचे, म्हणजे वुल्फ स्पायडरचे डोळे हिऱ्यांसारखे चमकतात ना, ते आतल्या आरशासारख्या थरामुळे, त्याला टॅपिटम म्हणतात, आणि त्याचे प्रकार असतात. लांडगा कोळ्यात तो जाळीच्या पट्ट्यांसारखा असतो. होमानला थोमिसिडीत तोच जाळीचा प्रकार दिसला आणि फिलोड्रोमिडीत दिसला नाही. 1975 मध्ये त्याने या दोन कुळांच्या स्थानावर वेगळा पेपरच लिहिला. पायही वेगळेच सांगतात, फिलोड्रोमिडीत बहुतेक वेळा दुसरी जोडी सगळ्यात लांब, तळव्याला चिकटणारे दाट केस, त्यामुळे तुरुतुरु पळतात, थोमिसिडी त्यामानाने आळशी.

तरीसुद्धा कित्येक वर्षं थोमिसिडी वुल्फ स्पायडरच्या जवळ बसवायला लोक तयार नव्हते, कारण नखं. कोळ्याच्या पायाच्या टोकाला दोन नखं असतात किंवा तीन. लांडगा कोळ्याला तीन, थोमिसिडीला दोन. दोन नखांवाल्यांचा मोठा गट, डायोनिका, त्यात उड्या मारणारे कोळी म्हणजे जंपिंग स्पायडर, फिलोड्रोमिडी, स्पारासिडी वगैरे सगळे, त्यात थोमिसिडी पण टाकून दिले होते आणि ते दिसायलाही बरोबर वाटायचं, म्हणजे एवढा खेकड्यासारखा दिसणारा प्राणी खेकड्यासारख्यांतच ठेवणार ना. मग डीएनए आलं. 2008 मध्ये श्रीलंकेचे सुरेश बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी खेकडा कोळ्यांच्या कुळाची डीएनएवरून वंशावळ मांडली, 2015 मध्ये पोलोटोव आणि मंडळींनी वुल्फ स्पायडरच्या गटाचा अभ्यास करताना थोमिसिडी त्याच गटात धरले, आणि 2017 मध्ये व्हीलर आणि कंपनीने कोळ्यांचा भलामोठा वंशवृक्ष केला त्यातही थोमिसिडी लांडगा कोळी, लिंक्स कोळी यांच्याच बाजूला निघाले. फिलोड्रोमिडी मात्र राहिले डायोनिकात, जंपिंग स्पायडरच्या शेजारी. म्हणजे तिसरं नख थोमिसिडींनी आपलं आपण वेगळं गमावलंय, आणि होमानचा डोळा नखांपेक्षा खरा निघाला.

यातून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. चतु:शृंगीच्या गवतातला टिबेलस आणि त्याच गवतातल्या फुलावरचा थोमिसस यांना आपण दोघांनाही खेकडा कोळी म्हणतो, पण त्या थोमिससचं जवळचं नातं पायाखालून पळणाऱ्या वुल्फ स्पायडरशी आहे आणि टिबेलसचं तुमच्या खिडकीतल्या जंपिंग स्पायडरशी.

उलटंही झालंय बरं का. दक्षिण अमेरिकेतला आफँटोकायलस, हा मुंगीसारखा दिसतो, त्याच मुंग्या खातो आणि मेलेली मुंगी ढालीसारखी डोक्यावर धरून बाकीच्यांमधून फिरतो, याला आधी वेगळं कुळ दिलेलं होतं, आता तो थोमिसिडीतच आहे. कारण वेगळं दिसणं हाही पुरावा नाही.

आता दुसरा प्रश्न, पूर्ण नावाचा. सोनकीवर पिवळा, तगरीवर पांढरा, एखादा गुलाबीसर, तुम्ही तीन फोटो पाठवता आणि तीन नावं मागता. रंगावरून काहीही ठरत नाही. मिसुमेना व्हाटियाची मादी पांढऱ्याची पिवळी होते, काही दिवस लागतात पण होते, आणि थोमिसस ओनस्टस ही एकच जात पांढरी, पिवळी, गुलाबी सगळी सापडते, त्यामुळे या एकाच जातीला जुन्या लोकांनी वेगवेगळी नावं देऊन ठेवलेली आहेत. शिवाय आपल्याला दिसतो तो रंगच आहे हो, ऑस्ट्रेलियातल्या थोमिसस स्पेक्टाबिलिसवर 2003 मध्ये काम झालं, आपल्याला पांढऱ्या फुलावर जवळजवळ न दिसणारी मादी मधमाशीच्या डोळ्याला अल्ट्राव्हायोलेटमध्ये उठून दिसते आणि मधमाश्या उलट तिच्याच फुलाकडे जास्त जातात.

नर-मादी हा आणखी एक ताप. थोमिससचा नर इतका बारका आणि तपकिरी की मादीच्या पाठीवर बसलेला असताना लोक त्याला पिल्लू समजतात. जुन्या काळातल्या बऱ्याच जातींचं वर्णन नुसत्या मादीवरून नाहीतर नुसत्या नरावरून झालंय, त्यामुळे कुठल्या नराची कुठली मादी हे जुळवायचं काम अजून चालूच आहे. जात नक्की ठरते ती नराच्या पाल्पवरून, म्हणजे तोंडाजवळचा तो बॉक्सिंग ग्लोव्हसारखा फुगलेला भाग, आणि मादीच्या पोटाखालच्या एपिगाइनवरून, म्हणजे तिच्या जननेंद्रियाच्या बाहेरच्या भागावरून, तेही मायक्रोस्कोपखाली. वरून काढलेल्या सुंदर फोटोत यातलं काहीच दिसत नाही, फोटो कितीही लाइक्स मिळालेला असो.

काही मात्र फोटोवरून पटकन ओळखू येतात, तिथे मी नाव लिहितो. आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांच्या आसपास एखादी मुंगी जरा अडखळत, पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत चालताना दिसली, आणि तिच्या मागच्या टोकाला डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असले, तर ती अमायसिया फोर्टिसेप्स, हा पण थोमिसिडीच. पानावरची पक्ष्याची शीट वाटावी असा ओबडधोबड दिसणारा फ्रायनराक्नी, त्याचा निदान जीनस तरी सांगता येतो.

तर फोटो पाठवताना वरून एक, समोरून डोळ्यांचा एक आणि सगळ्या पायांची लांबी दिसेल असा एक पाठवा, नर असेल तर पाल्पचा जेवढा जवळून जमेल तेवढा, आणि कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात ते लिहा. एवढ्यावरून कुळ नक्की सांगेन, जीनस बहुतेक सांगेन. आणि कृपा करून नावासाठी कोळी मारून डबीत भरून आणू नका, पाल्प बघायला मायक्रोस्कोप माझ्याकडे नाहीये.