आमची वाटचाल : बर्फाची लादी आणि मेगर

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडची सुरुवात ग्राफीनने (म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ, वीज वाहणारा पापुद्रा) नाही, बर्फाने झाली. ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेलं ग्राफीन, बनवायची हमर्सची १९५८ची पद्धत: ग्राफाइट, गंधकाम्ल, आणि चिमूट चिमूट परमँगनेट. तापमान २० अंशांवर जाता कामा नये, आणि बाहेर मे महिन्यातलं नागपूर, पारा ४५. पहाटे मी नि भागीदार स्कूटरवर बर्फाच्या लाद्या आणायचो. घाई करू नका. परमँगनेट एकदम ओतलं तर हिरवट तेलकट द्रव तयार होतो नि तो फुटतो. धुताना सगळ्याची जेली होते, गाळणकागद गच्च बसतो. त्यासाठी भंगारातून सेंट्रिफ्यूज घेतला. अजून चालतो. नव्याचं बेअरिंग दोनदा गेलं.

तिसऱ्या वर्षी बुडता बुडता वाचलो, तेही माझ्याच हुशारीने. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकमध्ये ग्राफीन ऑक्साइड नीट मिसळत नाही, म्हणून त्याला ऑक्टाडेसिलअमाईन या लांब रेणूंच्या शेपट्या लावल्या. भरपूर लावल्या. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळी दिसेना, मी खूश. भागीदार म्हणाला, "वीज मोजली का?" नव्हती मोजली. माल बारूद कारखान्यांना स्थिर-विजेपासून सुरक्षित ट्रे पुरवणाऱ्या काकांकडे गेला. त्यांनी मेगरचा (विजेला होणारा रोध मोजायचं यंत्र) दांडा फिरवला, काटा अनंतावर, म्हणजे वीज वाहतच नाही. "काऊन रे भाऊ, हे तं साधं प्लास्टिक हाय!" शेपट्यांनी पापुद्रे एकमेकांपासून दूर ठेवले, वीज वाहायला लागणारं जाळं जुळलंच नाही. वीज अडवणारा ऑक्सिजनही पुरता निघाला नव्हता.

पैसे अडकले. भागीदार पुण्याला नोकरीवर गेला. त्याचं चुकलं म्हणत नाही, पण आमचा मेगर त्याने का नेला हे मला आजही कळलेलं नाही.

त्याच वेळी एकाने निम्म्या भावात 'ग्राफीन' आणलं. दळलेला ग्राफाइट, दुसरं काही नाही! लोक धावले. वाहकता यावी म्हणून वीस टक्के भरला, ट्रे बिस्किटासारखे तुटले. घेणाऱ्यांनो, रामनचा आलेख (पदार्थावर लेसर टाकून काढलेला) मागत जा; त्यातल्या २७०० जवळच्या शिखराला खांदा दिसला, तर ग्राफाइटचे पैसे मोजताय.

मी अमाईन मोजकं केलं आणि ऑक्सिजन क-जीवनसत्त्वाने काढायला लागलो. त्यासाठी वापरतात ते हायड्राझिन विषारी, ते शेडमध्ये येऊच दिलं नाही. काका पुन्हा आले, स्वतःचा मेगर घेऊन. एक कोटी ओहमच्या आसपास काटा थांबला, म्हणजे स्थिर-वीज हळूहळू निघून जाईल इतपत. त्यांनी ऑर्डर दिली नि मेगर टेबलावरच ठेवून गेले.

पुढची वर्षं बरी गेली. मेगरचा दांडा तेवढा ढिला झालाय.