‘सही तुमचीच आहे ना?’ : तक्रार नोंदवून घेण्याचा माझा अनुभव

वेब सिरीजमध्ये रोल आहे म्हणून बोलवायचं, मेकअप झाल्यावर घाईघाईत करारावर सही घ्यायची आणि कॅमेरा लागला की कपडे उतरवायला सांगायचं. नाही म्हटलं की शेवटच्या पानावरची लाखोंच्या दंडाची ओळ दाखवायची. यात अडकलेल्या मुलींसोबत विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक म्हणून मी पोलीस ठाण्यात जाते. वकील मिळणं कठीण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. गाडं अडतं ते ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे.

तिथला प्रश्न ठरलेला: “सही तुमचीच आहे ना?” हो म्हटलं की, “मग हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा.” फारच धरून बसलं तर एन.सी. हातात देतात. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिच्यावर तपास होत नाही. तो कागद म्हणजेच एफआयआर असं समजून मुली निर्धास्त घरी जातात, तेव्हा फार चीड येते, कारण इकडे क्लिप पसरतच असते.

घोळ बहुतेक वेळा अर्जाच्या पहिल्या ओळीतच असतो. “मी अमुक तारखेला करार केला” अशी सुरुवात केली की अंमलदार पुढे वाचतच नाही. म्हणून मी आधी तीनच गोष्टी लिहायला लावते: काम काय सांगितलं होतं, सेटवर प्रत्यक्षात काय करायला लावलं, आणि नकार दिल्यावर कोण काय बोललं. तारीख-वेळ आणि मेसेज जसेच्या तसे. करार त्यानंतर. असं लिहिलं की कलमं आपसूक दिसतात. खोटं सांगून सही घेतली ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. धमकी ३५१. “क्लिप घरी पाठवतो” म्हणून पैसे उकळले तर ३०८.

न्याय संहितेचंच कलम ७७, म्हणजे स्त्रीचं खाजगी चित्रण करण्या-पसरवण्याबद्दलचं, नीट वाचून जा. खाजगी चित्रणाला होकार होता, पण ते तिसऱ्याला दाखवायला नव्हता, तर पसरवणं गुन्हा आहे, असं त्याच्या स्पष्टीकरणातच आहे. हे प्रत्येक शूटिंगला लागू होत नाही. पण “ही फक्त टेस्ट आहे, कुठेच दाखवणार नाही” असं सांगितलेलं असेल तर ते वाक्य अर्जात हवंच. ७७ ची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, आणि ती नोंदवायचं टाळणाऱ्या लोकसेवकाला कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं शिक्षा आहे. मी हे शांतपणे, कलम दाखवून सांगते. आवाज चढवला की विषय भरकटतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. घेतच नसतील तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, मुंबईत उपायुक्तांना. तिथेही हालचाल झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. अधीक्षकांची पायरी गाळून थेट दंडाधिकाऱ्यांकडे गेलात तर अर्ज अडकतो, म्हणून पोस्टाची पावती जपा. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, नोंदवून घ्यायची एफआयआर.

आता त्या सहीचं. १८७२ च्या करार कायद्यात फसवून किंवा धाकाने घेतलेली संमती मुक्त नसते. कलम १९ प्रमाणे तो करार तुम्हाला रद्द ठरवता येतो. बेकायदा उद्देशाचा करार कलम २३ मुळे मुळातच शून्य. ५०० च्या स्टॅम्प पेपरने त्यात काही फरक पडत नाही. दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असो, कलम ७४ खाली न्यायालय वाजवी भरपाईपलीकडे देत नाही. आणि अभिनय करायला कोणतंही न्यायालय भाग पाडत नाही. मात्र फसवणूक कळल्यावर उरलेलं मानधन घेऊ नका, करार मान्य केला असा अर्थ निघतो. वकिलाच्या नोटिशीने करार रद्द केल्याचं कळवा, घेतलेला ॲडव्हान्स परत करायची तयारी त्यातच लिहा. दस्तऐवज रद्द करून घेण्याच्या दाव्याला कळल्यापासून ३ वर्षं मुदत आहे.

खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते हे: क्लिप कुणालाही फॉरवर्ड करू नका, मैत्रिणीला नाही, वकिलालाही व्हॉट्सॲपवर नाही. लैंगिक चित्रण पसरवण्याबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ पाठवणाऱ्यालाही लागतं. पूर्ण लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फोन रिसेट करू नका. पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल.

क्लिप काढायला एफआयआरची वाट बघायची गरज नाही. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला स्वतःच्या नावाने लिहा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नग्न चित्रण उतरवायला आधी २४ तास होते, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनंतर ते फार तर २ तासांत उतरवावं लागतं. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. सायबर क्राइम पोर्टलवर निनावी पर्याय निवडू नका, पुढे तक्रारीचा माग काढता येत नाही.