रोज सकाळी घाटावर बसून काय बघता?

वाईत हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. पुण्याहून ढोल्या गणपतीच्या दर्शनाला आलेले विचारतात, आमच्या आळीतल्या बायका विचारतात, परवा भाच्याने फोनवरही विचारलं. त्यात काळजी असते, हे मला कळतं. साठी उलटलेली बाई, हातात जपमाळ नाही, फोन नाही, शेजारी धुण्याची बादली नाही, आणि सहा ते साडेसात घाटाच्या पायरीवर नुसती बसलेली. माणसं विचारणारच. आजवर मी 'बरं वाटतं' एवढंच सांगत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आधी हे सांगायला हवं, की २९ वर्षं मी या गावाची सकाळ पाहिलीच नव्हती. नोकरी साताऱ्याला. घरातून पावणेसातला निघायचं, सातची एसटी, पाचवडवरून सातारा, ३५ किलोमीटर. त्याआधी कणीक, दोन भाज्या, तीन डबे. परत येईपर्यंत दिवेलागण झालेली असायची. साताऱ्याच्या स्टँडवरचा चहावाला कोणत्या वारी उशिरा येतो ते मला ठाऊक होतं. माझ्या घरापासून पाच मिनिटांवरच्या कृष्णेवर सकाळी काय चालतं, ते नव्हतं.

सासूबाईंना ठाऊक होतं. साडेपाचला तांब्या घेऊन त्या नदीवर जायच्या आणि मी चपला घालत असताना दारात यायच्या. सव्वा तास. तेवढ्या वेळात पोळ्या तरी लाटून झाल्या असत्या, हे माझ्या मनात रोज यायचं. तोंडाने मी कधी बोलले नाही, पण भांडी जरा जोरात आपटली जायची. त्यांनाही ती ऐकू येत असणार. तरी जाणं त्यांनी सोडलं नाही, आणि तिथे काय करता, हे मी कधी विचारलं नाही.

त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी मी निवृत्त झाले. पहिल्या दिवशी सवयीने पाचला जाग आली. डबे नव्हते. स्वयंपाकघरात थोडा वेळ उभी राहिले आणि मग त्यांचाच तांब्या घेऊन नदीवर गेले.

पहिले काही महिने मी खरंच नुसती बघत होते. गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. त्याची नदीकडची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. जन्मभर इथे राहून ती भिंत मी पहिल्यांदा नीट पाहिली ती त्या दिवसांत. पहाटे पाण्यावर धुकं असतं. ऊन आधी पांडवगडाच्या माथ्यावर पडतं, घाटावर यायला त्याला बराच वेळ लागतो. तोवर दुर्वांच्या जुड्या बांधणाऱ्या दोघी जणी आलेल्या असतात. एकवीस मोजायला त्यांना बघावं लागत नाही, बोटंच मोजतात. पेपरवाला पायरीवर गठ्ठा सोडून पुरवण्या आत सारतो. दूधवाल्याच्या मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन, त्यांच्या आवाजावरून भरलेले की रिकामे ते कळतं. थंडीत अजून अंधार असतानाच पिकअप भरून बायका पसरणी घाटाने वर जातात, स्ट्रॉबेरी तोडायला, डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आसपासच्या गावांत हळद शिजते आणि वाऱ्याची दिशा असली की तो उग्र, मातकट वास घाटापर्यंत येतो. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या मावश्या मला जास्त दिसायला लागल्या. बाजारात जायच्या आधी त्यांच्यातली एक जण मेथीची जुडी गणपतीपुढे ठेवते. फूल नाही, मेथीच.

विश्वकोशातून निवृत्त झालेले एक गृहस्थही फिरायला येतात. मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना, १९७६ साली पहिला खंड निघाला. हे गृहस्थ अजूनही चालताना दुकानांच्या पाट्यांवरची ऱ्हस्व-दीर्घं तपासतात आणि चूक दिसली की दुकानदाराला हळूच जाऊन सांगतात. पाटीवाले ऐकतात, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

मग घटस्थापनेच्या आधीचा आठवडा आला. त्या दिवसांत घाटावर गोधड्याच गोधड्या असतात. दुसऱ्यांची धुणी धुणारी एक बाई माझ्याकडे सारखी बघत होती. शेवटी तिने विचारलं, "तुमी त्या आज्जींच्या सूनबाई न्हवं? हितंच बसायच्या त्या."

मी हो म्हटलं.

"माजी दोनी पोरं त्यांच्या मांडीवर वाढली. म्या धुनं घिऊन आले की म्हनायच्या, दे हिकडं, मी बघते."

माझ्या तोंडून काही शब्द निघेना. तिच्या धाकट्याला चालता यायला लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार-पाच वर्षं, सासूबाई रोज तासभर तिची मुलं सांभाळत होत्या. घरी त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. मी वर पोळ्या लाटत त्यांच्यावर रागावत होते, तेव्हा खाली त्यांच्या मांडीवर दुसऱ्याचं मूल होतं. मी एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, याची मला खात्री आहे. ते विचारणं राहून गेलं, याचं दुःख मला अजून आहे.

तेव्हापासून या प्रश्नातल्या 'बघता' या शब्दाचा मला वेगळाच अर्थ ऐकू येतो. आपल्याकडे "जरा बघा हं" म्हणतात आणि माणूस निघून जातो. कुणी पाटी सोडून चहाला जातं, कुणी देवळात जाताना पायताण आणि पिशवी सोडतं. बाहेरगावच्या एक बाई अस्थी विसर्जनाला आल्या होत्या, त्यांनी झोपलेला नातू माझ्या शेजारी ठेवला आणि पाण्यात उतरल्या. तो उठला, घाबरला नाही, माझ्या बांगड्यांशी खेळत बसला. कुठे जायचं नाही, असं एक माणूस घाटावर लागतं. बाकी सगळ्यांना कुठेतरी पोचायचं असतं.

न बघवणारंही दिसतंच. धोम धरणाचं पाणी सोडलेलं नसलं की उन्हाळ्यात धार बारीक होते, पाणी हिरवं पडतं, निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या पायऱ्यांना येऊन लागतात. थंडी सरत आली की सातही घाटांवर एकामागून एक कृष्णाबाईचा उत्सव होतो, मांडव पडतात, तिला साडी-चोळी, नैवेद्य, प्रसादाच्या पंगती. जिला आपण बाई म्हणतो, जिची ओटी भरतो, तिच्यात पिशवी टाकताना हात कचरत कसा नाही, हे मला समजत नाही. हाताला येतील तेवढ्या पिशव्या मी काढते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की माझी पायरी पाण्याखाली जाते, मग वर ओवरीत बसते.

आज सकाळी दहावीतला एक मुलगा क्लासला निघाला होता. सायकलची चेन पडली, हात काळे झालेले, तोंड रडवेलं. "आजी, पायीच जातो, सायकल बघाल का? साडेआठला येतो." माझी उठायची वेळ साडेसातची. मी म्हटलं, जा तू. सायकल पायरीला टेकवून तो पळत गेला. मधल्या वेळात ती गोधड्यांवाली बाई आली, चेन चढवून दिली, आणि माझ्याजवळ आपली साबणाची पिशवी ठेवून पाण्याकडे गेली.