बर्फाखालचा जमाखर्च: मार्चमधलं फिनलंड

मार्चमधलं फिनलंड म्हणजे ऊन भरपूर पण थंडी तशीच, तळ्यांवर अजून अर्धा मीटर बर्फ आणि त्या बर्फावर स्टूल टाकून निवांत बसलेली माणसं. हेलसिंकीहून टांपेरेमार्गे ट्रेननं युवास्क्युला गाठलं, गावाच्या मधोमधच युवासयार्वी नावाचं तळं आहे आणि लोक त्यावरून स्केटिंग करत काय जातात, कुत्री काय फिरवतात, सगळं अगदी रस्ता असल्यासारखं. देशात लहानमोठी मिळून 1,88,000 च्या आसपास तळी आहेत म्हणे, विमानातून खाली बघितल्यावर त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

माझा एक मित्र तिथे माशांवर काम करतो, आणि त्याच्या सासऱ्यांना पिल्कीचा नाद आहे. पिल्की म्हणजे बर्फाला भोक पाडून त्यातून करायची गळाची मासेमारी. सासरेबुवांना इंग्रजी जेमतेम, मला फिनिश शून्य, त्यामुळे आमचं फार छान जमलं. पहाटे गाडीत टाकून थेट पॅइयान्नेच्या एका आडबाजूच्या खाडीत नेलं. पॅइयान्ने फिनलंडमधलं सगळ्यात खोल तळं, 95 मीटरपर्यंत जातं, पण आम्ही होतो ते पाणी उथळच. गळ्यात बर्फात रोवायच्या दोन खिळ्यांची जोडी अडकवायला दिली (पाण्यात पडलात तर हे रोवून स्वतःला बाहेर ओढायचं, हे त्यांनी फक्त हातवारे करून समजावलं आणि नीट समजलं), मग माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं उंच गिरमिट फिरवून भोक पाडलं, झाऱ्यानं बर्फाचा चुरा काढला आणि वीतभर काठीची दोरी खाली सोडली.

आता बर्फाखाली काय चालू असतं ते बघा. पाणी सगळ्यात जड असतं 4 अंशाला, त्यामुळे बर्फ वर, त्याला लागून शून्याच्या जवळचं पाणी आणि तळाशी 4 अंशांच्या आसपास. बाहेर उणे 12 असो नाहीतर उणे 30, माशाला त्याचा पत्ता नाही. आणि मासा अंग गरम ठेवत बसत नाही, त्याचं अंग पाण्याएवढंच गार, त्यामुळे आपला जो सगळ्यात मोठा खर्च तो त्याला मुळातच नाही. पाणी 10 अंशांनी गार झालं की त्याची शरीर चालवायची ऊर्जा साधारण निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येते. कंदिलाची वात खाली केल्यासारखं सगळं मंद चालतं, पण विझत नाही.

मग अडचण कुठे आहे? तर लहान असण्यात. लहान माशाला दर ग्रॅम वजनामागे ऊर्जा जास्त लागते, शंभरपट जड माशाच्या तुलनेत साधारण दुप्पट-अडीचपट, आणि साठवायला जागा मात्र कमी. म्हणजे उन्हाळ्यात जन्मलेलं बोटभर पिल्लू पहिल्या हिवाळ्यात शिरतं ते जास्त खर्च आणि छोटी शिल्लक घेऊन. उन्हाळा तिथे जेमतेम तीनचार महिन्यांचा, तेवढ्यात त्यानं वाढायचं का चरबी साठवायची? वाढलं नाही तर मोठे मासे खातात, साठवलं नाही तर मार्च-एप्रिलपर्यंत पुरत नाही. मला तर हा प्रश्न थंडीपेक्षा कितीतरी भारी वाटला. पर्च नावाच्या तिथल्या माशाची पिल्लं उबदार उन्हाळ्याच्या वर्षी जास्त टिकतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पर्च, फिनिशमध्ये आहवेन, हाच आम्हाला मिळाला. वीतभर, हिरवट अंगावर काळे पट्टे, पोटाखालचे पर एकदम नारिंगी. बर्फावर टाकला तर थोड्या वेळात कडक. सासरेबुवांनी तिथेच एक उघडून दाखवला: पोटात लालभडक किड्यांच्या अळ्या आणि पाण्यातल्या उवांसारखे चपटे करडे जीव, म्हणजे साहेब जेवत होते! अन्न पचायला त्या थंडीत दिवसचे दिवस लागतात, पण जेवण चालू असतं आणि म्हणूनच तर गळाला लागतात. आतड्याभोवतीची चरबी अगदी नावाला उरलेली. आणि बाकी सगळी जागा गाभोळीनं भरलेली, पिवळसर, घट्ट. मादी हिवाळाभर ही अंडी वाढवत असते, वसंतात अंडी घालायच्या वेळेपर्यंत तिच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तीच होते. म्हणजे शिल्लक संपत आलेली असतानाच सगळ्यात मोठा खर्च.

दुपारी मित्रानं जंगलातलं एक डबकं दाखवलं. दिसायला काहीच नाही, झाडांमधलं पांढरं मैदान. पण खाली क्रूशियन कार्प आहेत आणि हा मासा खरंच अजब आहे. अशा उथळ तळ्यावर बर्फ आणि त्यावर जाड स्नो पडला की उजेड आत जात नाही, वनस्पती ऑक्सिजन बनवत नाहीत, तळातलं कुजणं मात्र चालूच, त्यामुळे ऑक्सिजन पार संपतो. पर्च, पाइक (दुसरे मासे खाणारा मोठा मासा) सगळे मरतात. हा मात्र महिनोनमहिने ऑक्सिजनशिवाय राहतो.

"अरे, हा दारू गाळतो," मित्र म्हणाला, आणि ते शब्दशः खरं आहे. चरबी जाळायला ऑक्सिजन लागतोच, म्हणून हा उन्हाळ्यात यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, भरून ठेवतो. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज वापरलं की लॅक्टिक ॲसिड साठून आपण मेलो असतो, हा त्याचं इथेनॉल करून कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की याच्याकडे त्यासाठी प्रोटीनचा एक जादा संच आहे, लाखो वर्षांपूर्वी सगळा जीनोमच (जनुकांचा अख्खा संच) दुप्पट झाला त्यातून आलेला. हिवाळ्यात त्याच्या रक्तात अल्कोहोल 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर जातं, म्हणजे बऱ्याच देशांत गाडी चालवता येणार नाही.

सौदा महागाचा आहे हेही खरं. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमधून तीसेक एटीपी (पेशीच्या ऊर्जेची सुटी नाणी म्हणा) मिळतात, इथे दोनच, आणि उरलेली ऊर्जा अल्कोहोलमधून चक्क पाण्यात जाते. ग्लायकोजेन संपलं की संपला. पण शत्रू सगळे मेलेले, त्यामुळे अख्खं तळं त्याचं. मग तिथे गर्दी होते, अन्न पुरत नाही आणि सगळे खुरटे, बोटभर राहतात. जिथे पाइक आहे तिथे हाच मासा उंच, फुगीर अंगाचा होतो, पाइकच्या तोंडात मावू नये असा.

जायचं असेल तर मार्चच बरा. पिल्कीला तिथे फी लागत नाही, परदेशी माणसालाही नाही, फक्त राखीव भाग तेवढे विचारून घ्या, आणि एकट्यानं बर्फावर जाऊ नका. एका माणसासाठी किमान 5 सेंटिमीटर पक्का बर्फ हवा असं सांगतात. मी मात्र पुढच्या वेळी मेमध्ये जाणार आहे, बर्फ गेल्यावर पर्च उथळ पाण्यात बुडालेल्या फांद्यांवर अंड्यांच्या लांबच लांब जेलीच्या पट्ट्या घालते, त्या बघायच्यात.